काळा पडदा, मे महिना

पॉलिहाऊसच्या आत पडदा लावू की नको, असं विचारणारे फोन सारखे येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी ज्याला काम दिलं, त्याच्या तोंडी सतत 'एनर्जी स्क्रीन'. ऊर्जा वाचते म्हणे. कोणती? 1973 च्या तेलटंचाईनंतर हॉलंडसारख्या थंड देशांत काचगृहं तापवण्याचा खर्च झेपेना, तेव्हा रात्रीची ऊब कोंडायला हे पडदे रुजले. आमच्या लाखनी तालुक्यात हीटर लावतो कोण? इथे मे महिन्यात पारा 45 च्या घरात, आणि नवतपाच्या दिवसांत दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर.

बोलणं झालं होतं चंदेरी पट्ट्यांच्या पडद्याचं. आला काळा, 75 टक्क्यांचा. मी तिथेच हटकलं. "सावली ती सावली, दादा. काळ्यात तर जास्तच पडते," म्हणत त्याच्या माणसांनी तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणूनही टाकला.

मे लागला आणि शिमला मिरचीची फुलं गळू लागली. पडदा ओढलेला, फॉगर सुरू, तरी आत उभं राहवेना. एका दुपारी शिडी लावून वर चढलो, कापडाला खालून तळहात टेकवला, आणि झटकन मागे घेतला. तापलेला तवा! डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. ऊन प्लास्टिकमधून आत आलेलंच होतं. काळ्या कापडाने ते बाहेर परतवण्याऐवजी गिळलं आणि तीच धग खाली झाडांवर सोडली. वर माथ्याची झडप उघडी, पण खालची गरम हवा तिथे पोचणार कशी? मधे कापड आडवं. म्हणजे झाडांचा उजेडही गेला आणि वाराही.

फोन केला तर उत्तर, "तुमच्याकडे ऊनच फार आहे." भंडाऱ्यात ऊन असतं हे त्याला पैसे जमा झाल्यावर कळलं! पुढच्या वेळी म्हणे पाणी कमी पडत असेल. मग म्हणे वाण चुकलं. कापड सोडून सगळं चुकलं होतं.

तेव्हा, आत लावायचं तर पांढरं किंवा चंदेरीच घ्या. शिमला मिरचीला 35 ते 50 टक्के सावली पुरे. दुपारीही माथ्याखाली हातभर फट ठेवा. सकाळचं कोवळं ऊन झाडांना मिळू द्या, आणि पावसाळ्यात आभाळ भरलेलं असताना पडदा ओढूच नका. झाडं नुसती लांबतात. गोळा केलेल्या कापडाची घडी कुठे पडते तेही आधी बघा, नाहीतर तिच्या खालची ओळ कायमची सावलीत. त्या घडीत उंदीर घर करतात, हे कोणी सांगत नाही.

त्या माणसाने सांगितलेला एकच उपयोग खरा निघाला, तोही डिसेंबर-जानेवारीत. निरभ्र रात्री साध्या प्लास्टिकमधून जमिनीची ऊब निघून जाते, पहाटे छतावरचं दव पानांवर ठिबकतं आणि बुरशीला आयतं निमंत्रण. संध्याकाळी पडदा ओढला की हे बरंच आवरतं. सकाळी मात्र आधी वीतभरच सरकवा, थोडं थांबून मग पूर्ण. एकदम उघडलात तर वर साचलेली गार हवा झाडांवर कोसळते.

प्रशिक्षण घ्या, तळेगाव दाभाड्याला मिळतं. चार ठिकाणी चौकशी करा. आणि गोडबोल्या माणसाकडून बिलावर रंग, सावलीचे टक्के, जीएसएम, आयएस 16008 चा शिक्का, यूव्हीची हमी हे सगळं लिहून घ्या. कापडाचा तुकडा बिलाला टाचा. माल उतरला की मोबाइलच्या लक्स ॲपवर उघड्या उन्हाचा आकडा आणि कापडाखालचा आकडा घ्या. ॲप काटेकोर नाही, पण 50 आणि 75 मधला फरक दाखवतं, आणि समोरचा लगेच 'दादा' म्हणायचा थांबतो.

माझ्याकडे त्याची शेवटची रक्कम बाकी आहे. काळं कापड उतरवून नेल्याशिवाय ती मिळणार नाही, हे त्याला मी लेखी कळवलंय.