मुंबई पाहावयास जाणाऱ्यांस

सुटी जवळ आली की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास निघतो: "सर, मुंबईत काय काय पाहावे?" प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा आहे. काय पाहावे हे कोणतेही प्रवासाचे पुस्तक सांगेल. कसे पाहावे, आणि त्या अफाट गर्दीत आपण व आपल्याबरोबरची धाकटी भावंडे सुखरूप कशी राहतील, हे मात्र शिरूर-दौंडच्या मुलास सहसा कोणी सांगत नाही. गर्दी आपणांस नवीन नाही; आठवड्याचा बाजार आपण लहानपणापासून पाहिला आहे. तथापि बाजारातील गर्दी उभी असते, मुंबईची गर्दी वाहती असते. हा एक भेद ज्याने ओळखला त्याने अर्धी मुंबई ओळखली, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही गर्दी कोठून कोठे वाहते हे समजण्यासाठी प्रथम नकाशा उघडावा. आज जेथे जुनी मुंबई आहे तेथे पूर्वी सात बेटे होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास दिली गेली, तेव्हाच्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांकडे आली. आणि १६६८ साली राजाने ती वर्षास दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. (दहा पौंडांत मुंबई! आज तेथील एका खोलीचे भाडे विचारून पाहावे.) पुढे खाड्या बुजवून व बांध घालून बेटे सांधली गेली, आणि दक्षिणोत्तर लांब, पूर्वपश्चिम अरुंद अशी जमिनीची एक चिंचोळी पट्टी तयार झाली. बंदर व किल्ला दक्षिण टोकास. म्हणून पेढ्या, कचेऱ्या व न्यायालय हीही तेथेच उभी राहिली. माणसे मात्र जागेच्या शोधात उत्तरेकडे सरकली. प्रथम दादर, मग ठाणे, बोरिवली, कल्याण, विरार. त्यामुळे सकाळी सारे शहर दक्षिणेस धावते व सायंकाळी उत्तरेस परतते. अलीकडे वांद्रे-कुर्ला व अंधेरी या बाजूंसही पुष्कळ कचेऱ्या झाल्याने हा ओघ पूर्वीइतका एकेरी राहिलेला नाही, तरी मुख्य नियम कायम आहे. पाहुण्याने होता होईल तो या ओघाच्या उलट जावे.

उदाहरण घेऊ. सोलापूरकडून येणाऱ्या रात्रीच्या गाडीने दौंडहून निघालेला मनुष्य पहाटेच्या सुमारास मुंबईस उतरतो. शिरूरकरांच्या गावास रेल्वे नाही, त्यांनी एस.टी.ने पुणे गाठून तेथून गाडी धरावी. तिकीट काढतानाच गाडी कोठे संपते हे नीट वाचावे. कोणी गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे संपते, तर कोणी कुर्ल्याजवळील लोकमान्य टिळक टर्मिनस येथे. या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. आणखी एक गंमत: 'मुंबई सेंट्रल' या नावाचे स्थानक मध्य रेल्वेवर नसून पश्चिम रेल्वेवर आहे. नावांवरून असा घोटाळा नेहमी होतो. मोठ्या टर्मिनसचे व्हिक्टोरिया हे नाव १९९६ साली बदलले, तरी टॅक्सीवाला अद्यापि 'व्हीटी' म्हणतो. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ साली प्रभादेवी झाले, तरी जुने नाव कानी पडतेच. दोन्ही नावे ठाऊक असावीत.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे उतरलात तर लगेच लोकलकडे धावू नका. ज्या इमारतीतून आपण बाहेर पडता तीच मुंबईतील एक मोठी प्रेक्षणीय वस्तू आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने तिचा आराखडा केला. १८७८ साली आरंभलेले काम पुरे होण्यास दहा वर्षे लागली. आणि २००४ साली तिची जागतिक वारशात गणना झाली. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एका बाजूस सिंह व दुसऱ्या बाजूस वाघ कोरलेला आहे. सिंह इंग्लंडचा व वाघ हिंदुस्थानचा. दररोज लक्षावधी माणसे त्यांच्या समोरून जातात, पण मान वर करून पाहणारी थोडीच. येथूनच जवळ असलेल्या बोरीबंदरावरून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी सुटली.

येथून दक्षिणेस पायीच निघावे. सेंट थॉमस कॅथीड्रल हे १७१८ सालचे चर्च वाटेत लागते. किल्ल्याच्या ज्या वेशीतून या चर्चकडे रस्ता येई ती 'चर्चगेट'. वेस गेली, नाव स्थानकास चिकटून राहिले. पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडिया. या दोन्ही इमारती जॉर्ज विटेट या एकाच शिल्पकाराच्या आहेत, हे लक्षात ठेवून दोहोंची तुलना करावी. राजा पंचम जॉर्ज १९११ साली आला त्याची आठवण म्हणून गेटवे बांधला, तो १९२४ साली पुरा झाला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण त्याच कमानीखालून गेली. इतिहासाच्या तासास जे एक पान वाटते ते येथे उभे दिसते.

एवढ्यावर त्या दिवशी पुरे करावे, अशी पालकांस विनंती आहे. एका दिवसात दहा ठिकाणे 'उरकणाऱ्या' मंडळींच्या मुलांस घरी आल्यावर विचारले तर आइस्क्रीमखेरीज काही आठवत नाही. राणीची बाग व तिच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांस स्वतंत्र सकाळ द्यावी. दक्षिणेकडून भायखळ्यास सकाळी जाणारी गाडी ओघाच्या उलट असल्याने बहुधा मोकळी सापडते. ही दोन्ही ठिकाणे बुधवारी बंद असतात, आणि घारापुरीची लेणी सोमवारी. घारापुरीस गेटवेपासून होडीने सुमारे तास लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी या वाटेवर प्रवासी होडीस अपघात होऊन अनेक जण बुडाले. तेव्हा तरंगण्याचे जाकीट अंगावर चढविल्यावाचून होडीत बसू नये, मग नावाडी काहीही म्हणो.

आता लोकलविषयी, आणि येथे विनोद बाजूस ठेवावा लागतो. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली आहेत. बहुतेक रूळ ओलांडताना अथवा दारातून पडून. ही माणसे अनोळखी गावची नव्हती. रोजचा रस्ता जाणणारीच होती. मग पाहुण्याने किती जपावे! गाडी चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते, म्हणून धावत्या गाडीस हात घालण्याचे कारणच नाही. फलकावर गाडीचे अंतिम स्थानक, ती जलद की धिमी व तिला डबे किती, हे लिहिलेले असते. जलद गाडी लहान स्थानकांवर थांबत नाही. स्त्रियांचे, अपंगांचे व पहिल्या वर्गाचे डबे वेगळे असतात, तेही पाहावे. उतरावयाचे स्थानक येण्यापूर्वीच दाराकडे सरकावे, आणि उतरणारांस आधी उतरू द्यावे.

पुलावर अथवा जिन्यावर कधीही थांबू नये. एका सहलीत दादरच्या पुलावर आमचा एक विद्यार्थी बुटाची नाडी बांधावयास खाली वाकला. मागच्या एका गृहस्थाने त्यास दंड धरून उभे केले व "बाळा, इथे नाही, कडेला," एवढेच म्हणून ते चालते झाले. मुलास राग आला होता. त्यास मी २९ सप्टेंबर २०१७ ची हकीकत सांगितली. त्या सकाळी पावसापासून आडोसा घेण्यास एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर लोक थबकले, मागून माणसे येतच राहिली, आणि चेंगराचेंगरीत तेवीस जीव गेले. गर्दी दाटली तर उलट रेटा देऊ नये. हात छातीपुढे घेऊन श्वासापुरती जागा राखावी आणि ओघाबरोबर चालत हळूहळू तिरके कडेस सरकावे. पडलेली वस्तू उचलावयास वाकू नये.

चुकामूक झाली तर काय करावयाचे, हे घरीच ठरवून निघावे. आमचा नियम असा: जो फलाटावर राहिला त्याने तेथेच उभे राहावे; जे गाडीत चढले त्यांनी पुढच्या स्थानकावर उतरावे, आणि मोठ्या माणसाने एकट्याने परत यावे. दोघेही शोधू लागले म्हणजे कोणीच सापडत नाही. घरचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून मुलाच्या खिशात ठेवावा; फोनच हरवला तर त्यातील क्रमांक काय कामाचा? रेल्वेसाठी १३९, पोलिसांसाठी ११२ व मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक पाठ असावेत.

वांद्र्याच्या व शीवच्या दक्षिणेस रिक्षा चालत नाहीत. तेथे बस, मीटरची टॅक्सी किंवा आपले पाय. रस्ता विचारावयाचा तर चालत्या माणसास अडवू नये; दुकानदारास अथवा पोलिसास विचारावे, मराठीतच विचारावे. मुंबईकर तोडून बोलतो, पण चुकीचा रस्ता सहसा सांगत नाही. दुपारच्या आधी चर्चगेटजवळ डब्यांची लांब फळी डोक्यावर घेऊन पांढऱ्या टोपीची माणसे झपाझप जाताना दिसतील. त्यांस चटकन वाट द्यावी. १८९० च्या सुमारापासून चालत आलेला हा व्यवसाय आहे, आणि त्यांतील पुष्कळ जण आपल्याच जिल्ह्याच्या मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले आहेत. त्यांचा खोळंबा म्हणजे कोणाच्या तरी पानावरचा उशीर.

परतीची गाडी जेथून सुटते तेथेच धरावी. सायंकाळी सामान व मुले घेऊन दादरला चढण्याचा बेत करू नये. दिवसाची गाडी असेल तर कर्जतला मुलांस जागे ठेवावे, कारण घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने तेथे जोडतात. पुण्यानंतर मात्र दौंडकरांनी स्वतःच जागे राहावे. मनमाडकडे वळणाऱ्या काही गाड्या दौंड जंक्शनात न येता कॉर्ड लाईनवरून जातात, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. आणि सोलापूरच्या गाडीत डोळा लागला तर तो कुर्डुवाडीस उघडतो.