काळं ऑइल ओढ्यात गेलं, की विहिरीत येतं

आमची विहीर राहुरी तालुक्यात, ओढ्याच्या काठाला. वरच्या अंगाला ट्रॅक्टर दुरुस्तीची एक शेड आहे. गळीत हंगाम तोंडावर आला, की उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तिथे ऑइल बदलीला रांग लावतात. पन्नासेक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमधून एका वेळी सात-आठ लिटर काळं ऑइल निघतं. ते शेडमागच्या खड्ड्यात ओततात, हे विहिरीवर तवंग आल्यावर आम्हाला कळलं.

विहीर भरलेली होती तोवर टाकीत पाणी स्वच्छ यायचं, कारण ऑइल वर तरंगतं आणि पंप खालून ओढतो. चैत्रात पाणी उतरलं, तवंग फूटव्हॉल्व्हपर्यंत आला आणि जनावरांनी हौदात तोंड घालायचं सोडलं. विहीर उपसली, तर पाण्याबरोबर तवंगही खाली गेला आणि वाटेतल्या दगडांना चिकटला. आपला खडक बेसॉल्टचा. ज्या भेगांतून झरे येतात, त्याच भेगांत ऑइल मुरतं. म्हणून उपसा झाला तरी पुढच्या पावसात पुन्हा तवंग दिसला. वरचा खड्डा बंद झाला तेव्हाच तवंग हळूहळू कमी झाला.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते, की एका गाडीच्या ऑइल बदलीतून निघालेलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे जवळपास ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. त्यात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगंही असतात. म्हणून दारं-चौकटींना वाळवीसाठी ते फासणं, धूळ बसायला अंगणात शिंपडणं, भट्टीत जाळणं, हे सगळं सोडायला हवं.

मग करायचं काय?

ऑइल गरम असताना काढा, पण हातमोजे घालून. झाकणाच्या ड्रममध्ये भरा. ड्रम सावलीत, सिमेंटच्या कोब्यावर, विहीर-ओढ्यापासून लांब ठेवा. गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑइल त्यात चालतं. पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल, रॉकेल मात्र घालू नका. भेसळ झालेलं ऑइल शुद्ध करणं अवघड जातं. फिल्टर रात्रभर ड्रमवर उलटा निथळू द्या. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका, आणि तो भुसा उकिरड्यावर न फेकता वेगळ्या पिशवीत ठेवा.

ऑइलच्या कॅनचं दुखणं वेगळं. पाच लिटरचा रिकामा कॅन दिसायला चांगला, म्हणून रानात पिण्याचं पाणी न्यायला वापरतात. कितीही धुतला तरी तो पाण्याच्या कामाचा नाही, आणि धुतलेलं पाणी पुन्हा ओढ्यातच जातं. कॅन उलटा करून शेवटच्या थेंबापर्यंत निथळा आणि मग कापा. अखंड कॅन भंगारात गेला, की त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा दुकानात येऊ शकतो.

आता हे ऑइल द्यायचं कुणाला? जास्त भाव देणारा भंगारवाला ते कुठल्या भट्टीत जाळतो, कुणी विचारत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आहे, आणि ते गोळा करणाऱ्यांना व शुद्ध करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. राज्याच्या मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय अहिल्यानगर (नगर) शहरात आहे. तिथे नोंदणीकृत संकलकाची चौकशी करा. ऑइलसोबत कॅन आणि फिल्टरही न्या, असं त्याला सांगा.

एकट्याचे सात-आठ लिटर न्यायला संकलक वस्तीवर येणार नाही. त्यासाठी गावच्या मिस्त्रीकडे किंवा सोसायटीच्या आवारात सगळ्यांचा मिळून एक ड्रम ठेवा. यंदा कारखान्यात मोळी पडण्याआधी ग्रामसभेत हा विषय काढा.