कडू काढा नव्हे, चहा! सुट्या पानांचा ग्रीन टी आणि ऊलाँग

मुलुंडच्या एका वस्तीत विहाराच्या हॉलमध्ये महिला मंडळाची बैठक होती. विषय मधुमेहाचा. साखर कमी करा, हे सांगून झालं, तेव्हा मागच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "ताई, पोरानं ग्रीन टी आणून दिलाय. दोन दिवस प्याले. त्यापरीस काढा बरा. डबा तसाच पडलाय."

बऱ्याच जणी हसल्या. त्यांच्याही घरी तसाच एक डबा पडून होता.

"मावशी, करता कसा?" मी विचारलं.

"कसा म्हणजे? टोपात पाणी, पत्ती, आलं, चार उकळ्या. रंग येईना म्हणून अजून एक चमचा पत्ती टाकली."

यात मावशींची काही चूक नाही. चहा म्हणजे उकळायचा, एवढंच आपल्याला ठाऊक. आपण घरी वापरतो ती दाणेदार पावडर त्याच कामासाठी बनवलेली असते. 1930 च्या दशकात आसामात पानं यंत्रात चिरडून, फाडून, गोळी करायची पद्धत निघाली. तिला सीटीसी म्हणतात. या दाण्यातून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो आणि थोड्या पावडरीत जास्त कप होतात. तो तुरटपणा आपण दुधाने मऊ करतो आणि कडूपणा साखरेने झाकतो. ग्रीन टीचं पान मात्र उकळीसाठी नसतं. त्याला उकळलं की जे काही कडू आणि तुरट आहे ते सगळं एकदम पाण्यात येतं, आणि झाकायला दूध नसतं.

आता साखरेचा हिशोब. चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण 4 ते 5 ग्रॅम. एका कपात दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले, तर नुसत्या चहातून 32 ते 40 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेली चांगली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 25 ग्रॅमची आहे, आणि त्यात बिस्कीट, सरबत, मिठाई सगळं आलं. म्हणजे बिस्कीट बुडवण्याआधीच आपण मर्यादा ओलांडलेली असते.

पण चहा सोडा म्हणून सांगणं सोपं आणि ऐकणं अवघड. चहाला आपल्या घरात वेगळं मोल आहे. आपल्या आजोबांच्या वेळी गावच्या हॉटेलात आपल्यासाठी कपबशी वेगळी असायची, बाहेर ठेवलेली, आपणच विसळून परत जागेवर ठेवायची. त्यामुळे आपल्या दारात आलेला माणूस चहा न घेता गेला, तर घरच्या बाईला चैन पडत नाही. चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं, असं अजूनही वाटतं. म्हणून चहा सोडायला मी सांगत नाही. साखरेवाचून चांगला लागणारा चहा करायला शिकू या, एवढंच म्हणते. आणि बिनदुधाचा चहा आपल्याला अगदी परका नाही. अनेक भन्तेजी दुपारनंतर दूध घेत नाहीत, त्यांना आपण कोरा चहाच देतो.

झाड एकच

ग्रीन टी, ऊलाँग आणि आपला काळा चहा, तिन्ही एकाच झाडाच्या पानांपासून होतात. कापून ठेवलेलं सफरचंद किंवा वांगं जसं हवेने काळं पडतं, तसं खुडलेलं चहाचं पानही काळं पडायला लागतं. खुडल्यावर लवकरच त्याला वाफ दिली किंवा कढईत परतलं की ते काळं पडणं थांबतं. तो ग्रीन टी. पूर्ण काळं पडू दिलं तर काळा चहा. मध्येच, अर्ध्या वाटेवर थांबवलं तर ऊलाँग. भारतात ग्रीन टी कांगडा, दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरीकडून येतो, दार्जिलिंगचा ऊलाँगही मिळतो. गवती चहा मात्र या झाडाचा नाही, ते गवत आहे. पाकिटावर तुळस, आलं, लिंबू अशी चित्रं असतील तर मागची बारीक अक्षरं वाचा. आत खरा चहा किती आहे ते कळतं.

सुटी पानं का घ्यायची? पिशवीच्या चहात बहुतेकदा चुरा भरलेला असतो. चुरा लवकर कडू होतो आणि एकदाच चालतो. अख्खं पान सावकाश उतरतं, आणि तेच पान दोनदा-तीनदा वापरता येतं.

हॉलमध्ये केलेला प्रयोग

त्या दिवशी मावशींच्या घरून तोच डबा आणवला. सुदैवाने त्यात सुटी पानं होती. तीन स्टीलचे ग्लास घेतले आणि प्रत्येकात एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम पानं टाकली. पहिल्या ग्लासात खळखळ उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवलं. दुसऱ्यात पाणी उकळून, गॅस बंद करून, झाकण न घालता चार-पाच मिनिटं थांबून मग ओतलं आणि दोन मिनिटांनी गाळलं. तिसऱ्यात तेच निवलेलं पाणी, पण पानं पाच मिनिटं ठेवली. प्रत्येकात पाणी दीडशे मिलीच्या आसपास, घरातला एक मोठा कप.

पहिला सगळ्यांनी तोंड वाकडं करून खाली ठेवला. तिसरा तुरट, पण पिण्याजोगा. दुसरा प्यायल्यावर मावशी जरा थांबल्या. म्हणाल्या, "हे मक्याचं कणीस उकडल्यावर पाणी राहतं ना, तसं लागतंय." एक ताई म्हणाली, ओल्या शेंगा उकडल्याचा वास आहे. दोघींचंही बरोबर होतं.

यामागचं कारण असं. पानात कडूपणा-तुरटपणा देणारे घटक असतात, ते फार गरम पाण्यात आणि जास्त वेळात भराभर उतरतात. गोडसर, मऊ चव देणारा थिअनीन नावाचा घटक कमी गरम पाण्यातही उतरतो. म्हणून ग्रीन टीला पाणी 75 ते 80 अंशांचं हवं. थर्मामीटर लागत नाही. पाणी उकळून चार-पाच मिनिटं उघडं ठेवा, किंवा एका टोपातून दुसऱ्या गार टोपात दोनदा ओता. घाई असेल तर तळाला बारीक बुडबुडे दिसू लागताच गॅस बंद करा, पण पिण्याचं पाणी घरात आधी उकळून ठेवलेलं असेल तरच. वेळ मात्र अंदाजाने धरू नका. मोबाइलवर दोन मिनिटं लावा आणि गाळा. पानं ग्लासात तशीच पडू दिलीत तर सगळी मेहनत वाया.

पाण्याचाही फरक पडतो. पालिकेच्या नळाला तलावांचं पाणी येतं, ते फार जड नसतं, चहाला चांगलं. टँकरचं किंवा बोअरिंगचं जड पाणी असेल तर चहा मंद लागतो आणि वर साय धरल्यासारखा थर दिसतो. तेव्हा पानांना दोष देऊ नका.

चाखायचं कसं

चहाच्या लिलावाआधी चव घेणारी माणसं असतात, तोच त्यांचा धंदा. ती चमच्याने चहा घेऊन मोठ्याने भुरका मारतात. आपण पोरांना ज्यासाठी रागावतो, त्याचा त्यांना पगार मिळतो! भुरक्याने चहाबरोबर हवा आत जाते आणि वास नाकापर्यंत मागून पोचतो. चव म्हणतो त्यात निम्म्याहून जास्त काम नाकाचं असतं. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते त्यामुळेच.

आधी कोरडं पान हुंगा. मग पाणी ओतून गाळल्यावर ओलं पान हुंगा, तिथे वास सगळ्यात मोकळा असतो. मग चहा जरा निवू द्या आणि छोटा भुरका घ्या. भाजेल इतका गरम पिऊ नका. 65 अंशांपेक्षा गरम पेयं नेहमी पिण्याचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी बहुधा संबंध आहे, असं कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2016 मध्ये म्हटलं आहे.

कडू आणि तुरट यांत आपण गल्लत करतो. कारल्याचं ते कडू, जिभेला कळतं. कच्च्या जांभळाचं ते तुरट, त्याने गाल आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात. चांगल्या चहात थोडं तुरट असतंच, तो दोष नाही. खरी गंमत गिळल्यानंतर आहे. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं ना? चांगल्या पानाचा चहा गिळल्यावर घशात तसाच गोडवा मागून येतो. साखर घातली की नेमका तोच हरवतो. पहिल्या दिवशी कदाचित कळणार नाही. जिभेला वर्षानुवर्षं दोन चमच्यांची सवय आहे, तिला दोन-तीन आठवडे द्या. दुधाच्या चहातली साखरही त्याच काळात अर्धा-अर्धा चमचा उतरवा.

ऊलाँगची पानं

ज्यांना ग्रीन टीचा पालेभाजीसारखा वास आवडत नाही, त्यांना मी ऊलाँग सांगते. माझाही आवडता तोच. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ काळा ड्रॅगन. चीनच्या फुजियान प्रांतात आणि तैवानमध्ये तो जास्त होतो. काही ऊलाँगची पानं मिऱ्याच्या दाण्यासारखी गोल वळलेली असतात, गरम पाणी पडलं की उलगडून अख्खं पान दिसतं. पोरांना दाखवा, त्यांना आवडतं.

याला पाणी जास्त गरम चालतं. उकळी आल्यावर मिनिटभर थांबून ओता. गोल पानं असतील तर एक चमचा पुरे, मोकळी लांब पानं हलकी असतात, ती दोन चमचे घ्या. पहिलं पाणी दोन मिनिटांनी गाळा. तीच पानं दुसऱ्या पाण्याला, मग तिसऱ्या पाण्याला, दर वेळी मिनिटभर जास्त ठेवून. हिरवट ऊलाँगला फुलांसारखा वास येतो, गडद भाजलेल्याला फुटाण्यांचा आणि किंचित गुळाचा. दुसरं पाणी बहुतेकदा पहिल्यापेक्षा सरस निघतं.

एका प्रसिद्ध ऊलाँगचं नाव तिएग्वानयिन आहे. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वराचं चिनी रूप. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत 41 क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. मुलांना घेऊन कान्हेरीला जाल तेव्हा जरूर बघा.

चहा आणि भिक्खूंचं नातं जुनंच. ध्यानाला बसताना झोप येऊ नये म्हणून चीन-जपानमधले भिक्खू चहा पीत. एइसाई नावाचे जपानी भिक्खू 1191 मध्ये चीनहून परतताना चहाचं बी घेऊन आले, आणि 1211 मध्ये त्यांनी चहा आणि आरोग्य यांवर एक ग्रंथ लिहिला. हृदयाला कडू चव लागते, म्हणून चहा हृदयाला चांगला, असं त्यांचं म्हणणं. आजचं वैद्यकशास्त्र तसं मानत नाही. भिक्खूंनी लिहिलं म्हणून तेही तपासल्याशिवाय घ्यायचं नाही.

हे औषध नव्हे

तीच कसोटी आजच्या जाहिरातींना लावा. ग्रीन टीने वजन झरझर उतरतं असं सांगून वस्तीत पावडरी आणि गोळ्या विकल्या जातात. 2012 साली कोक्रेन या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले. ग्रीन टीच्या तयार औषधांनी उतरलेलं वजन इतकं थोडं होतं की उपचार म्हणून त्याला अर्थ नाही. गोळ्यांमध्ये तर ग्रीन टीचा अर्क दाटून भरलेला असतो आणि काहींच्या यकृताला त्याने इजा झालेली आहे. कपातला चहा प्या, गोळ्या नकोत. मधुमेहाची किंवा बीपीची गोळी चहाच्या भरवशावर बंद करू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच ग्रीन टी सुरू करा.

सगळ्यात महत्त्वाचं आपल्या बायका-मुलींसाठी. कुठलाही चहा, दुधाचा असो की हिरवा, जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. आपल्याकडे 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. मेथी-चवळी खायची आणि वर लगेच चहा प्यायचा, यात भाजीतलं बरंचसं लोह फुकट जातं. जेवण आणि चहा यांत एक तास ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. गरोदर ताईंनी दिवसाला एक-दोन कपांवर थांबावं. लहान मुलांना देऊ नये. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सकाळी उठल्या उठल्या पिऊ नका. झोप लागत नसेल तर संध्याकाळनंतर नको, ग्रीन टीतही कॅफिन असतं.

परवडेल का, हे मावशींनी शेवटी विचारलंच. 100 ग्रॅमच्या पाकिटाची किंमत 50 ने भागा. 2 ग्रॅमच्या हिशोबाने एकदा पानं घालायला तेवढे पैसे पडतात, आणि त्यात दोन कप सहज निघतात. म्हणजे आलेल्या आकड्याचं आणखी निम्मं. तो आकडा नाक्यावरच्या कटिंगशी ताडून बघा. महाग पाकीट घ्यायची गरज नाही. चौघी-पाचजणींनी मिळून एक घेतलं तर पानं जुनी व्हायच्या आत संपतात.

डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा. चहाचं पान आजूबाजूचा वास ओढून घेतं, आणि आपल्या खोलीत स्वयंपाकघर वेगळं नसतं. मसाल्याच्या फळीवर, सुक्या बोंबलाच्या बरणीजवळ ठेवलात तर ग्रीन टीला बोंबलाचा वास येणार. पावसाळ्यात ओल्या चमच्याने पत्ती काढू नका, एका थेंबाने अख्खा डबा मऊ पडतो. मावशींनी तो डबा आता कपड्यांच्या कपाटात ठेवलाय, म्हणून साबणाचा वास येतो का ते पुढच्या बैठकीत बघायचं आहे.