एका संगणकावर दोन कार्यप्रणाली

विंडोज १० या कार्यप्रणालीस मायक्रोसॉफ्टकडून सर्वांना मिळणारी विनामूल्य सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आली. अनेक जुन्या यंत्रांत विंडोज ११ साठी आवश्यक असलेली टीपीएम २.० ही सोय नाही. अशी यंत्रे मोडीत काढणे हा एकच मार्ग नव्हे. जुन्या मराठी टंकांतील दस्तऐवज उघडण्यापुरते विंडोज, तेही इंटरनेटशी न जोडता, राखावे आणि अन्य कामांसाठी त्याच यंत्रावर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली बसवावी. यंत्र सुरू करताना दोहोंपैकी एक निवडता येते. एका वेळी मात्र एकच चालते.

पूर्वतयारी : प्रथम सर्व अभिलेखांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि तीतील काही फाइली उघडून खात्री करावी. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. ती नसल्यास स्वतःचीच माहिती स्वतःस दुरावते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असता यंत्र बंद केले तरी विंडोज पूर्णपणे मिटत नाही आणि त्या अवस्थेत लिनक्सने विंडोजच्या विभागात लेखन केल्यास फाइली बिघडण्याचा संभव असतो.

जागा व स्थापना : विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून विभाग आक्रसून निदान २५, शक्यतो ५० गिगाबाइट जागा मोकळी ठेवावी. स्थापनेच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून आधी ‘ट्राय’ हा पर्याय घ्यावा आणि मुद्रक, वायफाय व देवनागरी कळफलक चालतात काय, हे पाहावे. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसविलेले असेल, तर लिनक्सही त्याच पद्धतीने बसवावे. स्थापनेच्या वेळी विंडोजसोबत बसविण्याचा पर्याय निवडावा. संपूर्ण डिस्क पुसण्याच्या पर्यायास चुकूनही स्पर्श करू नये. ईएफआय विभाग दोहोंना सामाईक असतो. तो फॉरमॅट करू नये.

स्थापनेनंतर : यंत्र सुरू होताच ‘ग्रब’ ही निवडसूची दिसते. पुढे एखाद्या वेळी ती न दिसता थेट विंडोज सुरू झाल्यास घाबरू नये. बहुधा केवळ क्रम बदललेला असतो. यूईएफआयच्या मांडणीत जाऊन तो पूर्ववत करावा.

घड्याळातही साडेपाच तासांचा फरक पडलेला आढळेल. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, तर लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेचे धरते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची सूचना दिल्यास हा दोष दूर होतो. फाइलींवरील वेळेची नोंद हा कार्यालयीन पुरावा असल्याने या गोष्टीकडे दुर्लक्ष करू नये.

आरंभी हा प्रयोग एकाच यंत्रावर करावा, काही आठवडे अनुभव घ्यावा आणि मगच इतर यंत्रांस हात लावावा.