तंजावरच्या भिंतीवरची मराठी

प्रश्न : रामेश्वरला जाताना आम्ही तंजावरला दोन मुक्काम करणार आहोत. तिथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भलामोठा मराठी शिलालेख आहे असं वडील सांगत. तो नेमका कुठे आहे आणि आपल्याला वाचता येतो का? त्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, हे खरं का? धाकट्याला गड चढायचा नाद आहे, त्याच्यासाठी आसपास काही आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सावलीचं आधी उरकून घेऊ. सावली पडते. सकाळी किंवा संध्याकाळी अंगणात उभे राहा, शिखराची लांबलचक सावली तुमच्या पायाशी दिसेल. तरीही ही समजूत अगदी हवेतून आलेली नाही. तंजावर विषुववृत्तापासून जेमतेम अकरा अंश उत्तरेला आहे. शिखर सुमारे २१६ फूट उंच आणि त्याचा चौरस पाया एका बाजूला सुमारे शंभर फूट. त्यामुळे साधारण मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारी कळसाची सावली देवळाच्या स्वतःच्याच अंगावर पडते, अंगणापर्यंत पोचत नाही. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा शाळेची मुलं मैदानात काठी उभी करतात. तंजावरला तो दिवस एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरीकडे येतो. थंडीत गेलात तर दुपारचीही सावली उत्तरेकडे अंगणात स्वच्छ दिसेल. राजराजा चोळाच्या शिल्पींनी १०१० साली एवढं मंदिर ग्रॅनाइटमध्ये पुरं केलं, त्यांच्या थोरवीला या चमत्काराची गरज नाही.

आता शिलालेख. देवळात शिरून महानंदी ओलांडला की गर्दी सरळ गाभाऱ्याकडे जाते. तुम्ही डावीकडची ओवरी धरा आणि प्राकाराच्या कडेकडेने मागे चालत जा. नैऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ लागेल. ते दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेलं. त्याच बाजूच्या भिंतीवर देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी दिसू लागतात. हाच तो भोसले घराण्याच्या इतिहासाचा लेख, मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून ओळखला जाणारा. डिसेंबर १८०३ मध्ये सरफोजीराजांच्या आज्ञेने तो दरबारच्या चिटणिसाने लिहिला.

वाचता येतो का? येतो, पण धीर धरावा लागतो. जुन्या लेखनात शब्द तोडून लिहीत नसत, ऱ्हस्वदीर्घही आजच्यासारखे नाहीत. पहिल्या ओळीपासून सरळ वाचायला जाल तर दहा मिनिटांत कंटाळाल. मी मुलांना एक युक्ती सांगतो : आधी ओळखीची नावं शोधा. मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी. एक नाव हाती लागलं की त्याच्या अलीकडचं-पलीकडचं उलगडत जातं. माझ्याबरोबर एकदा नात्यातली एक आठ वर्षांची मुलगी होती. तिने बोटाने हवेत अक्षरं गिरवत, भिंतीला हात न लावता, ‘राजे’ हा शब्द शोधला आणि मग पुढचा अर्धा तास ती तिथून हलेना. साताऱ्याच्या मुलाला हजार किलोमीटरवर, चोळांच्या देवळात, आपलं अक्षर भेटतं तेव्हा काय वाटतं ते त्याच्या तोंडावर बघा.

पण हा लेख कधी कोरला गेला, ते त्याला जरूर सांगा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं. सव्वाशे वर्षांनी, १७९९च्या तहाने, सरफोजीराजांनी राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती सोपवला. किल्ला तेवढा त्यांच्याकडे उरला. चार वर्षांनी हा लेख आला. त्याच डिसेंबरात इकडे देवगावला नागपूरच्या भोसल्यांनी आणि सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केले. मराठी सत्ता दोन्हीकडे ओसरत असताना एका राजाने आपल्या घराण्याची हकीकत दगडात घालून ठेवली. मला या लेखात बढाई दिसत नाही. राज्य हातचं गेलं तरी आपण कोण होतो हे लिहून ठेवायचंच, हा निश्चय दिसतो. आणि भिंतीवर लिहिण्याची रीत या देवळाची मूळचीच. राजराजाने स्वतःची दानं, थोरल्या बहिणीची म्हणजे कुंदवैची दानं, देवळात आणवलेल्या चारशे नर्तकींची नावंसुद्धा इथल्या दगडावर कोरून ठेवली आहेत. सरफोजी त्याच वहीत आठशे वर्षांनी पुढचं पान लिहून गेले. म्हणूनच तिथे ‘हे आपलं देऊळ’ असा सूर लावू नये. देऊळ तमिळ आहे, चोळांचं आहे, नायक राजांचंही आहे. आपल्या पूर्वजांनी त्याची सेवा केली, आजही राजवाडा देवस्थानाच्या ८८ देवळांचं वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे. हे नातं एवढं मोठं आहे की त्यावर मालकी सांगायची गरज नाही.

देऊळ दुपारी बंद असतं आणि फरशी तव्यासारखी तापते. पहिल्या खेपेला मी साडेबाराला पोचलो आणि बंद दारासमोर उभा राहिलो. तुम्ही सकाळी सहा-साडेसहालाच जा, त्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठावदार दिसतं. दुपार राजवाड्यासाठी आणि सरस्वती महाल ग्रंथालयासाठी ठेवा. सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांच्या शेजारी मराठी हस्तलिखितं आणि मोडीतल्या दफ्तरांचे गठ्ठे तिथे आहेत. सरफोजीराजांनी डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसकट करवून घेतली होती, तीही इथलीच. घरात कुणी मोडी शिकत असेल तर त्याला नक्की घेऊन जा. मोडी वाचणारे हात तिथे कमी पडतात.

दुसऱ्या दिवशी गाडी करून दक्षिणेला, पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला लागा. दोन्ही बाजूंना कावेरीचे कालवे आणि भाताची खाचरं. पंचवीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडू. तिथे मुक्तांबाळ छत्रम आहे, सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधलेलं. छत्रम म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा एकत्र. रस्त्यावरून नुसतं बघून पुढे जाऊ नका, खाली उतरा आणि जोत्याकडे पाहा. जोतं रथाच्या आकाराचं आहे, आणि दगडी घोडे तो रथ ओढताहेत. पुढचा पाय उचललेला, मान ताणलेली, जणू ही सगळी इमारत आत्ता रामेश्वराकडे निघाली आहे.

काशी-रामेश्वर करणारे आपले पणजोबा-खापरपणजोबा अशाच छत्रांत उतरले असतील. १८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांची बाजू मांडली. येणाऱ्या प्रत्येकाला, जात न बघता, शिजलेला भात मिळतो. आजाऱ्याला वैद्य आणि औषध मिळतं. अनाथ पोरांना जेवण, कपडा आणि शिक्षण मिळतं. राज्याची वसुली गेलेल्या राजाने छत्रांचं उत्पन्न तेवढं आपल्याकडे राहावं म्हणून हे सांगितलं. तंजावरच्या मराठ्यांचं मोजमाप करायचं तर मी या पत्रापासून सुरू करीन.

तसंच पुढे समुद्रापर्यंत गेलात तर मल्लिपट्टिनमजवळ सहा कोनांचा, आठ मजली बुरूज उभा आहे. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून १८१४ साली सरफोजीराजांनी तो बांधला. इंग्रजांना खूश करण्यासाठीची ती इमारत, त्यामुळे मला तिचं फार कौतुक नाही. पण तिचं नाव ऐका : मनोरा. तमिळ लोक त्या जागेलाच मनोरा म्हणतात. रिक्षावाल्याला, मासे विकणाऱ्या बाईला, कुणालाही तेवढं एकच मराठी नाव सांगा, रस्ता दाखवतील. समोर पाल्कची सामुद्रधुनी, तळ्यासारखी शांत.

राहिली चढाई. तंजावर हा कावेरीचा सपाट मुलूख, सज्जनगड-अजिंक्यताऱ्यासारखं काही इथे नाही. कुंभकोणमजवळ स्वामिमलै आहे, नावात ‘मलै’ म्हणजे डोंगर, पण तो माणसांनी रचलेला. साठ पायऱ्या, साठ संवत्सरांच्या. आपल्या पंचांगातले प्रभव, विभव हेच ते, तमिळ पंचांगातही तेच चक्र. मुलाला पायरीगणिक एकेक नाव म्हणायला लावा, साठांपैकी किती येतात ते पाहा. वर मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय आहे, ज्याने बापाला ॐकाराचा अर्थ सांगितला. वाटेत दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर चुकवू नका, त्याचंही जोतं रथाचं आहे, मुक्तांबाळ छत्रमच्या सहाशे वर्षं आधीचं. खरा दम काढायचा असेल तर तिरुचीचा मलैकोट्टै, म्हणजे रॉकफोर्ट. तंजावरहून पंचावन्न-साठ किलोमीटर, चारशेच्या वर पायऱ्या, माथ्यावर उच्ची पिळ्ळैयार, म्हणजे शिखरावरचा गणपती. तिथून कावेरी आणि श्रीरंगमची गोपुरं दिसतात.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर मात्र विचार बदला. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कावेरीचा हा सगळा पट्टा चिंब असतो. संक्रांत, म्हणजे त्यांचं पोंगल, झालं की निघा. तेव्हा भाताची कापणी चालू असते.