माहुलीच्या पायथ्याशी राहतेस, मग हे वाच

अगं, ‘छावा’ सिनेमा पाहून आल्यापासून तुला ऐतिहासिक कादंबऱ्यांचं जे वेड लागलंय ना, ते मला फार आवडलंय. पण कसारा लोकलमध्ये तुझ्या हातात हल्ली जी पुस्तकं दिसतात, त्यातली निम्मी तू मुखपृष्ठावरची तलवार बघून उचललेली आहेत. म्हणून आज जरा बस माझ्याजवळ. चार गोष्टी सांगायच्यात.

शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली १९७९मध्ये. त्याआधी कितीतरी वर्षं संभाजीराजे नाटकांतून व्यसनी, बेफिकीर असेच रंगवले जायचे. वा. सी. बेंद्रे आयुष्यभर जुने कागद धुंडाळत राहिले आणि १९६०मध्ये त्यांचं संभाजीचरित्र आलं. मग कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. एवढा पाया घातला गेल्यावर कादंबरी उभी राहिली. म्हणून एखादी कादंबरी आवडली की त्याच माणसाचं एखादं चरित्रही वाचायचं, हा नेम ठेव. आणि कादंबरीतला संवाद पुरावा म्हणून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस गं. तो लेखकाने रचलेला असतो. तो त्याचा हक्कच आहे, पण तो इतिहास नव्हे.

आता नवं काय वाचायचं. विश्वास पाटलांच्या ‘महासम्राट’ मालेतला पहिला खंड ‘झंझावात’ २०२२मध्ये आला, तो घे. ‘पानिपत’ लिहिणारा हा माणूस, लढाईचा पसारा मांडावा तर त्यानेच. शिवाय यात शहाजीराजांना मोठी जागा आहे, आणि शहापूरच्या मुलीला शहाजीराजे ठाऊक नसतील तर मला वाईट वाटेल. आसनगावला उतरल्यावर समोर जे सुळके दिसतात, त्या माहुलीवर १६३६मध्ये शहाजीराजे निजामशाहीचा लहानगा वारस घेऊन वेढ्यात अडकले होते. निजामशाहीचा शेवट तिथेच झाला. पुढे पुरंदरच्या तहात किल्ला मोगलांकडे गेला. १६७०च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी हल्ला केला तो मनोहरदास गौड या किल्लेदाराने परतवला, आणि जूनमध्ये मोरोपंतांनी माहुली घेतलीच. आपण मात्र तिथे धबधबा बघायला जातो आणि वडापाव खाऊन परततो.

पण खरं सांगू? माझा जीव जडलाय तो दुसऱ्याच दोन पुस्तकांवर. एक, नंदा खऱ्यांची ‘अंताजीची बखर’. ती १९९७ची, म्हणजे तशी नवी म्हणता येणार नाही, पण तुझ्या पिढीने फारशी वाचलेली नाही. पेशवाईच्या काळातला हा अंताजी कुणी शूर सरदार नाही. मोठी माणसं इतिहास घडवत असताना हा कडेने सगळं बघतो, जीव वाचवतो आणि बखरीच्या भाषेत आपल्याला सांगतो. सुरुवातीची काही पानं भाषा अडखळवेल. तिथे सोडू नकोस, एकदा कानाला सवय झाली की तो माणूस तुझ्याशेजारी येऊन बसतो. तिचा पुढचा भाग ‘बखर अंतकाळाची’. दुसरं पुस्तक रंगनाथ पठाऱ्यांचं, ‘सातपाटील कुलवृत्तांत’, २०१९चं. एका शेतकरी कुळाचा शेकडो वर्षांचा प्रवास. राजे येतात, जातात, दुष्काळ पडतात, आणि जमिनीला चिकटून माणसं तगत राहतात. जाडजूड आहे. भातलावणी उरकल्यावरच हातात घे.

दुकानात उभी असताना पुस्तक कसं पारखायचं तेही सांगते. जेवणाचं पान उघड. सतराव्या शतकातला मावळा बटाट्याची भाजी खात असेल किंवा सकाळी चहा पीत असेल तर पुस्तक खाली ठेव. ज्याने ताटात काय होतं ते शोधलं नाही, त्याने बाकी काय शोधलं असणार? मग बायकांचं पान उघड. त्या नुसत्या पंचारती घेऊन दारात उभ्या असतील, तर लेखकाला अर्धं जग दिसलेलंच नाही. नागनिकेचं नाव तुला माहीत आहे ना? मुरबाडहून चढून जाता येतं त्या नाणेघाटाच्या लेण्यात त्या सातवाहन राणीचा लेख दोन हजार वर्षांपासून कोरलेला आहे. आपल्याकडच्या बायका इतिहासात नव्हत्या असं कुणी म्हटलं तर त्याला तिथे घेऊन जा.

आणि एक. इतिहास म्हणजे फक्त गडकोट असं समजू नकोस. महादेव कोळ्यांचे राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. २ जानेवारी १९४३च्या पहाटे मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दोघेही इंग्रजांविरुद्ध भूमिगत लढणाऱ्या आझाद दस्त्याचे. दर वर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडावर जमतात. जंगलातल्या माणसांच्या लढ्यावर कादंबरी कशी लिहावी ते बघायचं असेल तर महाश्वेतादेवींची बिरसा मुंडावरची ‘अरण्येर अधिकार’ मिळव. १९७९ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती वाचलीस की आपल्याकडच्या ठाकर, कातकरी पाड्यांवरून जाताना तुझी नजर बदललेली असेल, हे मी आत्ताच सांगते.

तर आधी ‘अंताजी’, मग ‘झंझावात’, आणि पावसाळा ओसरला की ‘सातपाटील’. तेवढं मात्र विकत घेऊ नकोस, माझ्याकडे आहे. मोठी पिशवी घेऊन ये आणि जेवूनच जा.