पाय काय सांगतोय?

एप्रिलमधली दुपार. उजनीच्या पाण्यावरून आम्ही सेनेका या दोन इंजिनांच्या विमानातून बारामतीकडे परतत होतो. जमिनीपासून उंची अडीच हजार फूट, खाली इंदापूर तालुक्यातला ऊस. एकाएकी नाक डावीकडे ओढलं गेलं. सरळ धरायला उजवा पाय रडरवर दाबला. डावा मोकळा पडला. म्हणजे डावं इंजिन गेलं. ‘डेड फूट, डेड इंजिन’ हे शंभरदा घोकलेलं. तरीही माझा हात उजव्या थ्रॉटलवर गेला.

तो थ्रॉटल मी सावकाश मागे घेतला, एवढंच बरोबर झालं. चालू इंजिनाचा आवाज उतरला, नाक उजवीकडे वळलं आणि प्रशिक्षकांनी माझा हात थ्रॉटलसकट पुढे ढकलला. “पाय काय सांगतोय?” एवढंच ते म्हणाले. घाईत थेट पाती फेदर केली असती, म्हणजे वाऱ्याला अडवणार नाहीत अशी वळवली असती, तर चांगलं इंजिन मीच बंद केलं असतं.

म्हणून संशयित इंजिनाचा थ्रॉटल आधी हळू ओढून बघा. काहीच बदललं नाही, तर बंद तेच. इंधन तपासूनही ते सुरू होत नसेल, तर पाती फेदर करा. रेंगाळूही नका. सेनेकात फेरे मिनिटाला ८०० च्या खाली गेले की पाती फेदर होत नाहीत.

पण सगळ्यात आधी वेग. सेनेका-२ च्या वेगमापकावर लाल रेघ ६६ नॉटवर, निळी ८९ वर. उंची घटताना दिसली की नाक वर ओढावंसं वाटतं. ओढू नका. लाल रेघेखाली रडर पुरत नाही. चालू इंजिनच विमान पालथं करतं. निळी रेघ धरा, पंख चालू इंजिनाकडे जेमतेम पाच अंश झुकवा.

एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण चढण्याची क्षमता जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी घटते. त्यात बारामती पाचशे मीटरहून उंच आणि उन्हाळ्यात हवा विरळ.

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूरच्या कडबनवाडीत एका इंजिनाचं प्रशिक्षण विमान शेतात कोसळलं. एकटीच उडवणारी प्रशिक्षणार्थी तरुणी जखमी झाली, पण वाचली. एकच इंजिन असलं आणि ते बंद पडलं, तर उतरायचं कुठे एवढाच प्रश्न राहतो. दोन इंजिनांत ‘अजून जाऊ’ ही आशा उरते, आणि तिच्यापायी वेग हातचा जातो.

त्या एप्रिलच्या दुपारी आम्ही धावपट्टी हमखास गाठणार हे दिसल्यावरच चाकं काढली आणि एकाच प्रयत्नात उतरलो.

बारामतीत शिकणाऱ्या मुला-मुलींनो, उड्डाणाआधी दर वेळी मोठ्यानं म्हणा: चाकं जमिनीवर असताना इंजिन गेलं, तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि विमान थांबवायचं. शेजारी कोणी नसलं तरी म्हणा.